दूध विरजलं नाही म्हणजे कॅप्सूल मेली का?

"माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. छातीत कफ झाला म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि जोडीला प्रोबायोटिकच्या कॅप्सूल. लिहून दिलेली कंपनी केमिस्टकडे नव्हती. 'हिच्यात जास्त बिलियन आहेत' म्हणत त्याने दुसरी दिली. घरात आधीची एक स्ट्रिप होतीच, अख्खा मे महिना फ्रीजच्या डोक्यावर पडलेली. बारावीतल्या मुलाने इंटरनेटवर बघून दोन्हींतली एकेक कॅप्सूल कोमट दुधात फोडली. सकाळी जुन्या कॅप्सूलच्या वाटीत दही लागलं होतं आणि नव्या, महागड्या कॅप्सूलचं दूध होतं तसंच. मुलगा म्हणतो नवी मेलेली आहे, परत करा. केमिस्ट नुसता हसतो. पाकिटावर ५ बिलियन लिहिलंय, ते कोणी खरंच मोजतं का? आपल्याला लॅबमध्ये तपासून मिळेल का? आणि जास्त बिलियन म्हणजे जास्त गुणकारी का? दोन्ही स्ट्रिपचे फोटो पाठवत आहे." — एक वाचक, अकोला

ताई, कॅप्सूल परत करायला जाऊ नका. निदान दुधाच्या कारणावरून तरी नको.

तुमच्या फोटोत नव्या स्ट्रिपच्या मागे एकच नाव आहे, लॅक्टोबॅसिलस र्‍हॅम्नोसस जीजी. प्रोबायोटिक म्हणून, म्हणजे तब्येतीला फायदा व्हावा म्हणून मुद्दाम जिवंत दिले जाणारे जंतू म्हणून, ज्यांच्यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय त्यांपैकी हा एक जिवाणू. शेरवूड गोरबाख आणि बॅरी गोल्डिन या अमेरिकन संशोधकांनी १९८० च्या दशकात तो निरोगी माणसाच्या पोटातून मिळवला. 'जीजी' ही त्यांच्याच आडनावांची अक्षरं. आता यातली गंमत अशी की या जीजीला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवताच येत नाही. दही लागतं ते जिवाणूंनी लॅक्टोज खाऊन लॅक्टिक आम्ल सोडलं की. जो लॅक्टोजला तोंडच लावत नाही, तो रात्रभर दुधात ठणठणीत जिवंत राहिला तरी सकाळी वाटीत दूधच दिसणार. म्हणजे तुमच्या मुलाच्या परीक्षेत सगळ्यात नावाजलेला विद्यार्थीच नापास झाला, कारण प्रश्नपत्रिका त्याच्या विषयाची नव्हती.

जुन्या स्ट्रिपवर पाच नावं आहेत आणि त्यांत स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आहे. हा तर योगर्टच्या विरजणातलाच. त्याने दूध लावलं यात नवल काहीच नाही. पण म्हणून जुनी स्ट्रिप चांगली, असंही समजू नका. मुलगा बारावीत आहे, तर त्याला हा हिशेब करायला द्या. दुधात, उबेला, असा जिवाणू समजा ४० मिनिटांत दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट झाला की हजारपट होतो, आणि दहा वेळा म्हणजे पावणेसात तास. याचा अर्थ, कॅप्सूलमधले हजारातले नऊशे नव्याण्णव जिवाणू मेले असतील आणि एकच उरला असेल, तरी दही लागायला फार तर पावणेसात तास उशीर होईल. रात्री दहाला फोडलेली कॅप्सूल सकाळी आठला बघितली तर तो उशीर कोणाच्या लक्षातही येणार नाही. 'यात काहीतरी जिवंत आहे' इतकंच दूध सांगतं. किती जिवंत आहे ते सांगत नाही. ते काहीतरी वाटीला आधी लागलेल्या दह्यातूनही आलेलं असू शकतं. मुलाने एका वाटीत कॅप्सूल न घालता नुसतं दूध ठेवलं होतं का, तेही विचारा.

इतर प्रकारच्या प्रोबायोटिकांचंही तेच. छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांतून जो बॅसिलस क्लॉसी मिळतो, तो झोपलेल्या बीजाणूंच्या (कवच घेऊन निपचित पडलेल्या जिवाणूंच्या) रूपात असतो आणि दही लावणं हा त्याचा धंदाच नाही. सॅकरोमायसिस बोलार्डी तर जिवाणूही नाही, ते यीस्ट आहे, आणि त्यालाही लॅक्टोज चालत नाही. बायफिडोबॅक्टेरियम दुधात मुळात संथ वाढतात, त्यात त्यांना हवेतला ऑक्सिजन सोसत नाही. दुधाची परीक्षा इंटरनेटवर इतकी लोकप्रिय का आहे हे मला कळतं. घरात होते, फुकट होते आणि सकाळी डोळ्यांना दिसते. पण तिच्यावर पैसे परत मागता येणार नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न. मोजतं का कोणी?

मोजतात, आणि अजूनही बहुतेक ठिकाणी मोजतात ते सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्याच पद्धतीने. आधी बिलियनचा आपल्या भाषेत हिशेब करू. एक बिलियन म्हणजे एक अब्ज, शंभर कोटी. ५ बिलियन म्हणजे ५०० कोटी. एवढे जिवाणू एकेक करून मोजणं शक्य नाही, म्हणून ते पातळ करत जातात. कॅप्सूलमधली पूड १०० मिलिलिटर पेप्टोनच्या (प्रथिनांच्या तुकड्यांच्या) पाण्यात विरघळवली की एका मिलिलिटरमध्ये ५ कोटी उरतात. त्यातला एक मिलिलिटर नऊ मिलिलिटर पाण्यात घातला की ५० लाख. असं दहा-दहा पट सहा वेळा पातळ केलं की शेवटच्या नळीत एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० जिवाणू. तो एक मिलिलिटर पेट्री डिशमध्ये (झाकणाच्या चपट्या बशीत) ओततात, वर 'अगर' नावाचा, गार झाल्यावर जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ कोमट असताना ओततात, आणि डिश ३७ अंशांच्या पेटीत दोन-तीन दिवस ठेवतात. जिथे एक जिवाणू अडकला तिथे तो वाढून डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो. त्या ठिपक्याला कॉलनी म्हणतात. पन्नास कॉलन्या मोजल्या की उलटा गुणाकार, आणि झाले ५ अब्ज. पाकिटावर जे 'सीएफयू' लिहिलेलं असतं ते हेच, कॉलनी तयार करू शकणारी एककं.

(अगर आपल्याला चायना ग्रास म्हणून ठाऊक आहे. प्रयोगशाळेत ते आणण्याचं श्रेय फॅनी हेसे या बाईंचं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे पती जर्मनीत रॉबर्ट कोखच्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि त्यांच्या डिशमधलं जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जायचं. जावामध्ये राहिलेल्या ओळखीच्यांकडून बाईंना अगर माहीत होतं, आणि त्या ते स्वयंपाकघरात जॅम-जेली घट्ट करायला वापरायच्या. कोखच्या नावाने शाळेत धडा असतो. यांच्या नावाने नसतो.)

या पद्धतीत कुठे कुठे गोची आहे ते बघा. वरच्या हिशेबात डिशवरची एकेक कॉलनी म्हणजे कॅप्सूलमधले १० कोटी जिवाणू. पन्नास ठिपक्यांच्या डिशवर केवळ योगायोगाने, कोणाची काही चूक नसताना, सातएक ठिपके इकडेतिकडे होतात. म्हणजे ७० कोटींचा फरक तिथेच पडला. म्हणून प्रत्येक पातळीच्या दोन-तीन डिश लावतात आणि साधारण ३० ते ३०० कॉलन्या असलेल्या डिशच हिशेबात धरतात. त्याहून कमी असतील तर योगायोगाचा वाटा फार होतो, जास्त असतील तर कॉलन्या एकमेकींत मिसळून मोजताच येत नाहीत. एवढं करूनही एकाच बॅचच्या कॅप्सूल दोन चांगल्या प्रयोगशाळांत दिल्या आणि एकीने ४ अब्ज, दुसरीने ७ अब्ज सांगितले, तर मी कोणालाही खोटं म्हणणार नाही. ५ लिहिलंय आणि निघाले ०.०५, तर मात्र विचारणा व्हायला हवी.

दुसरी गोची अशी की कॉलनी एका जिवाणूपासूनच होते असं नाही. हे जिवाणू साखळीने, पुंजक्याने राहतात. आठ जणांची साखळी डिशवर पडली तरी ठिपका एकच उमटतो. त्याच नमुन्याला प्रयोगशाळेत जोरात घुसळलं तर साखळ्या तुटतात आणि आकडा वाढतो. नमुन्यात एकही जिवाणू वाढलेला नसताना!

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. कॅप्सूलमधला जिवाणू वाळवलेला असतो. त्याला गोठवून, निर्वात जागेत त्याच्यातलं पाणी उडवून टाकलेलं असतं. त्याच्या अंगाभोवतीचं पटल जखमी असतं. त्याला एकदम गार पाण्यात टाकलं तर पटल दुरुस्त व्हायच्या आधीच आतला ऐवज बाहेर गळतो आणि तो मरतो. कोमट पाण्यात थोडा वेळ मुरू दिला तर सावरतो. म्हणजे कॅप्सूल तीच, दिवस तोच, पण पाणी किती गरम घेतलं आणि किती मिनिटं थांबलो यावर आकडा बदलतो. त्यात पुन्हा काही जिवाणू जिवंत असतात, पण डिशवर वाढायला तयार होत नाहीत. डिशवरचं खाणंही प्रत्येकाला वेगळं लागतं. लॅक्टोबॅसिलसच्या कुटुंबाला एमआरएस नावाचं माध्यम आवडतं. डी मॅन, रोगोसा आणि शार्प या तिघांनी ते १९६० साली तयार केलं आणि अजून तेच चालतं. बायफिडोबॅक्टेरियमसाठी त्यात सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल घालून डिश ऑक्सिजन नसलेल्या बरणीत ठेवावी लागते. बॅसिलसचे बीजाणू मोजायचे तर नमुना आधी ७५-८० अंशांना काही वेळ तापवतात. त्या उष्णतेत बाकीचे मरतात आणि बीजाणू उलट जागे होतात. मग तुमच्या जुन्या स्ट्रिपसारखी पाच जिवाणूंची खिचडी असेल तर? एका डिशवर सगळे सारखे उगवत नाहीत, आणि निवडक वाढवणारं माध्यम वापरलं तर वाळवणीत अर्धमेले झालेले त्यावर दम टाकतात. म्हणून खूप नावं असलेल्या पाकिटावर एकच एकूण आकडा असला, तर त्यातला कोण किती, हे बहुतेकदा कंपनीलाही तयार मालात नीट सांगता येत नाही. मी स्वतः पाच नावांच्या पाकिटापेक्षा एक-दोन नावांच्या, पण नीट ओळख दिलेल्या पाकिटावर जास्त विश्वास ठेवते.

डिशला पर्यायही आले आहेत. फ्लो सायटोमेट्रीमध्ये जिवाणूंना दोन रंग देतात. एक रंग सगळ्यांत शिरतो, दुसरा लाल रंग फक्त पटल फाटलेल्यांत. मग ते एकामागोमाग एक लेसरसमोरून जातात आणि यंत्र सेकंदाला हजारोंच्या वेगाने अख्खे आणि फाटके वेगळे मोजतं. दोन-तीन दिवसांचं काम काही तासांत होतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१५ साली त्याची प्रमाणपद्धतही काढली, क्रमांक १९३४४. त्या आकड्याला सीएफयू न म्हणता 'एएफयू' (चमकणारी सक्रिय एककं) म्हणतात आणि तो बहुतेकदा सीएफयूपेक्षा मोठा येतो, कारण डिशवर न उगवणारे पण शाबूत असलेलेही त्यात धरले जातात. त्यामुळे एका पाकिटावर सीएफयू आणि दुसऱ्यावर एएफयू असेल तर त्यांची तुलना करू नका. डीएनए मोजण्याचीही पद्धत आहे. तिच्यात मेलेल्यांचा डीएनए धरला जाऊ नये म्हणून नमुन्यात एक रसायन घालतात. ते फाटक्या पटलातून आत शिरतं आणि तिथला डीएनए बांधून टाकतं. या पद्धतीने खिचडीतला एकेक दाणा ओळखता येतो. पण ही यंत्रं गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नसतात.

आता पाकिटाकडे वळू, कारण तुमच्या हातात तेच आहे.

पहिलं बघा, आकडा कधीचा आहे. 'बनवताना' ५ अब्ज आणि 'एक्स्पायरीपर्यंत' ५ अब्ज यांत फार फरक आहे. वाळवलेले जिवाणू डबीत बसल्या बसल्या मरतच असतात, म्हणून सचोटीची कंपनी सुरुवातीला लिहिल्यापेक्षा बरेच जास्त भरते, शेवटच्या दिवशी लिहिलेला आकडा उरावा म्हणून. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही मुदत संपतानाचा आकडा लेबलवर द्यावा असंच म्हटलं आहे. तुमच्या नव्या स्ट्रिपवर तो खुलासा मला दिसला नाही. आहे तो नुसता ५ बिलियन.

दुसरं, नावानंतरचं शेपूट. 'लॅक्टोबॅसिलस र्‍हॅम्नोसस' एवढंच पुरेसं नाही, त्यापुढे 'जीजी' किंवा 'एटीसीसी ५३१०३' असं काही हवं. तो स्ट्रेनचा, म्हणजे त्या जातीतल्या नेमक्या वाणाचा, पत्ता. संशोधन होतं ते त्या पत्त्यावरच्या जिवाणूवर, आडनाव तेच असलेल्या सगळ्या भावकीवर नाही. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लॅक्टोबॅसिलस आणि पाकिटावर लॅक्टिकेसीबॅसिलस असं दिसलं तर घाबरू नका. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलसचं मोठं कुटुंब मोडून पंचवीस वेगळी घरं केली, त्यातला हा घोळ आहे. जिवाणू तोच.

तिसरं, किती पुरे. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकमध्ये दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, नियम आहे. त्याहून कमीत फायदा होतो असं अभ्यासाने दाखवलं तर कमीलाही वाव आहे. मघाच्या आपल्या हिशेबात १० कोटी म्हणजे त्या डिशवरची फक्त एक कॉलनी! ५ अब्ज लिहिलेल्या कॅप्सूलमधले पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस टक्के नव्हे, अठ्ठ्याण्णव टक्के मेले तरी माल किमान मर्यादा पाळतो. अर्थात लेबलवर ५ लिहून ०.१ देणं ही वेगळी लबाडी झाली.

आणि तुमची ती फ्रीजच्या डोक्यावरची स्ट्रिप. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो ती मागून-बाजूंनी वर चढते. घरातली याहून वाईट जागा फक्त गॅसशेजारची. वाळलेल्या जिवाणूंना दोन शत्रू, उष्णता आणि ओल, आणि त्यांत मला ओल जास्त वाईट वाटते. पूड कोरडी ठणठणीत असेल तोवर जिवाणू झोपून असतो. थोडी दमट झाली की अर्धवट जागा होतो, खायला काही नसतं आणि मरतो. म्हणून चांगल्या कॅप्सूल दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या स्ट्रिपमध्ये किंवा ओल शोषणारी पुडी घातलेल्या बाटलीत येतात. ती पुडी फेकू नका. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेल्या डबीत आठवड्याच्या गोळ्या काढून ठेवायची सवय असेल, तर प्रोबायोटिक त्यातून वगळा. बाटली फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. गार बाटलीत दमट हवा शिरली की आत दव धरतं. ती खोलीइतकी उबदार होऊ द्या, मग झाकण काढा. पाकिटावर '२५ अंशांखाली' लिहिलं असेल तर विदर्भात मार्च ते जून त्याचा अर्थ फ्रीजच समजायचा. बीजाणूवाली औषधं या बाबतीत चिवट, त्यांना उन्हाळा सहसा बाधत नाही. तुमची जुनी स्ट्रिप मात्र बीजाणूंची नाही. दही लावलं तरी टाकून द्या.

लॅबचं विचारलंत. एका घरच्या स्ट्रिपसाठी मी पैसे घालवायला सांगणार नाही. नीट मोजमाप करायचं तर त्याच बॅचच्या बऱ्याच कॅप्सूल एकत्र करून घ्याव्या लागतात, अन्नाच्या सूक्ष्मजीव तपासणीसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली आणि या विशिष्ट जिवाणूची पद्धत बसवलेली प्रयोगशाळा लागते, आणि उघडी किंवा घरी महिनाभर राहिलेली स्ट्रिप नेलीत तर आकडा कमी आल्यावर कंपनी 'तुम्ही नीट ठेवली नाही' म्हणून मोकळी होणार. त्यात तिचं चुकतं असंही नाही. त्याआधी फुकटातला उपाय करा. पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर ईमेल करून बॅच नंबर द्या आणि तीन गोष्टी विचारा: या बॅचचा तपासणी दाखला, आकडा बनवतानाचा की मुदतीअखेरचा, आणि तो कोणत्या पद्धतीने मोजला. जी कंपनी खरोखर मोजते तिला हे सांगायला त्रास पडत नाही. जी 'आमचं उत्पादन उच्च दर्जाचं आहे' एवढंच उत्तर देते, तिची कॅप्सूल पुन्हा घेऊ नका.

तरीही एखाद्या मालाचा संशयच असेल, तर कायद्याने वाट ठेवली आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला विकत घेतलेलं अन्न शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. अट अशी, की मी हे तपासायला देणार आहे हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगायला हवं. माल नियमात बसत नाही असा अहवाल आला तर शुल्क परत मिळतं. पण हे फक्त अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला लागू. पाकिटावर एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ आकडी परवाना क्रमांक असेल तर ते अन्न. तो नसेल आणि औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असेल तर ते औषध, आणि त्याला औषधांचा कायदा. दोन्ही प्रकारच्या तक्रारी महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडेच जातात, जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं कार्यालय असतं. तुमच्या नव्या स्ट्रिपवर १४ आकडी क्रमांक आहे.

आता राहिलं जास्त बिलियनचं. केमिस्टचा हा सगळ्यात आवडता मुद्दा आणि सगळ्यात पोकळ. दोन अभ्यास सांगते. २०१३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंड आणि वेल्सच्या रुग्णालयांतला एक अभ्यास आला. ६५ वर्षांवरचे, अँटिबायोटिक घेणारे सुमारे २,९०० रुग्ण, म्हणजे थेट तुमच्या सासूबाईंच्या वयोगटातले. निम्म्यांना चार जिवाणूंचं मिश्रण, रोज ६० अब्ज, २१ दिवस. निम्म्यांना नुसती पूड. अँटिबायोटिकमुळे जुलाब झाले ते प्रोबायोटिकवाल्यांत १०.८ टक्क्यांना आणि नुसत्या पुडीवाल्यांत १०.४ टक्क्यांना. साठ अब्ज देऊन फरक शून्य. दुसरा २०१७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेला, आपल्या ओडिशाच्या खेड्यांतला, पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांचा. ४,५५६ नवजात बाळं, लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमचा एकच स्ट्रेन आणि त्याला खाद्य म्हणून एक साखर, रोज सुमारे एकच अब्ज, तेही फक्त सात दिवस. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ओढवलेल्या बाळांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. बाळं वेगळी, आजी वेगळ्या, आजारही वेगळे, त्यामुळे हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून कोण जिंकलं असं म्हणता येणार नाही. पण कोणता स्ट्रेन, कोणाला, कशासाठी, हे न विचारता बिलियन मोजण्यात हशील नाही, इतकं त्यातून दिसतं.

म्हणून डॉक्टरांना फोन करा आणि केमिस्टने बदलून दिलेल्या कॅप्सूलचं पूर्ण नाव, शेपटासकट, वाचून दाखवा. लिहून दिलेल्या औषधात यीस्ट असेल तर तो बदल छोटा नाही. यीस्टवर अँटिबायोटिक चालत नाही, जीजीवर चालू शकतं. डॉक्टर जीजीला हो म्हणाले तर अँटिबायोटिक आणि कॅप्सूल यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा. गिळायला जड जात असेल तर कॅप्सूल फोडून कोमट पाण्यात किंवा ताकात द्या, गरम चहात किंवा वाफाळत्या पेजेत नको. सासूबाईंना केमो, बरेच दिवसांचे स्टेरॉइड किंवा मोठ्या शिरेत नळी असं काही चालू असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा आणि तोवर कॅप्सूल थांबवा, कारण अशा माणसांत हेच जिवंत जिवाणू कधीमधी रक्तात उतरतात.

जुलाब सुरू झालेच तर दुसरी कॅप्सूल वाढवून बघत बसू नका. ओआरएस करा आणि त्यांनी मागायची वाट न बघता घोट घोट देत राहा, कारण या वयात तहान नीट जाणवत नाही. जुलाबात रक्त दिसलं, ताप आला, पोट दुखून फुगलं किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि अँटिबायोटिक चालू आहे हे आधी सांगा. अँटिबायोटिक संपल्यावर काही आठवड्यांनी जुलाब लागले तरीही हे सांगायला विसरू नका.